चालत्या यंत्राच्या खुंट्या

आमच्या वाचकवर्गांत आतां असें घर विरळाच, कीं ज्यांतील एखादा मुलगा, पुतण्या, जांवई अगर सून संगणकाच्या धंद्यांत नाहीं. अशा घरांतून एक गोष्ट वारंवार घडते. रात्रीं दीड वाजतां मुलाचा फोन वाजतो; तो उठून लॅपटॉप उघडतो, काळ्या पडद्यावर दोन-चार ओळी लिहितो, दहा मिनिटें टक लावून पाहत बसतो, आणि सकाळीं आईनें विचारलें असतां "कांहीं नाहीं, सर्व्हर चालू ठेवूनच एक सेटिंग बदललें" एवढें सांगून कामावर निघून जातो. वडील मंडळी मान डोलावतात. मनांतून मात्र त्यांस प्रश्न पडतो, कीं ज्याला शेंकडों कोसांवरचें यंत्र घरबसल्या दुरुस्त करतां येतें, त्याच्या तोंडावर एवढी काळजी कां दिसावी? या महिन्यांत आम्ही हाच प्रश्न हातीं घेतला आहे. विषय प्रथमदर्शनीं रूक्ष वाटेल. पण ज्या उद्योगावर आज इतक्या घरांची चूल पेटते, त्यांतलें मर्म घरच्या वडिलांस मुळींच ठाऊक नसावें, हें आम्हांस बरें वाटत नाहीं.

संगणकाच्या पोटांत एकाच वेळीं शेंकडों कार्यक्रम चाललेले असतात. प्रत्येकास स्मृतींत जागा हवी असते, प्रत्येकास चकतीवर कांहीं लिहावयाचें असतें, तारेवरून कोणाशीं तरी बोलावयाचें असतें. आणि जागा, चकती व तार या वस्तु तर मोजक्याच. त्यांची वांटणी करणारा जो एक सर्वाधिकारी कार्यक्रम, त्याला कर्नेल म्हणतात. कठीण कवचाच्या आंत असणारा गर असा त्या शब्दाचा मूळ अर्थ आहे; पलटणींतल्या कर्नलाशीं त्याचें नातें नाहीं, अधिकार मात्र जवळजवळ तेवढाच. आम्ही त्यास गाभा म्हणूं. कोठीच्या किल्ल्या कमरेला लावलेली थोरली बाई एकत्र कुटुंबांत जें काम करते, तेंच हा गाभा करतो. कोणास किती द्यावें, कोणास थांबवावें, कोणती वस्तु हाताशीं ठेवावी व कोणती माळ्यावर टाकावी, हें सर्व तिच्या निर्णयावर चालतें.

आज सर्वांत अधिक पसरलेला गाभा म्हणजे लिनक्स. 1991 सालीं हेलसिंकी येथील विद्यापीठांत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या तरुणानें तो लिहावयास घेतला. आपल्या हातांतला अँड्रॉइड फोन त्यावरच चालतो. आणि जगांतील सर्वांत बलाढ्य अशा पांचशें महासंगणकांची जी यादी प्रसिद्ध होते, तींतील झाडून सारीं यंत्रें 2017 च्या नोव्हेंबरपासून लिनक्सवरच चालत आलीं आहेत.

गाभ्याचे निर्णय तीन वेळीं ठरतात. कांहीं त्याच्या जन्मापूर्वींच, म्हणजे मूळ संहितेपासून तो घडविला जात असतांनाच ठरून जातात. ते मागाहून पालटत नाहींत. कांहीं यंत्र सुरू होण्याच्या क्षणीं ठरतात. ते पालटावयाचे तर यंत्र बंद करून पुन्हां सुरू करावें लागतें. आणि उरलेले पुष्कळसे निर्णय असे असतात, कीं यंत्र चालू असतां, हजारों लोक त्यावर काम करीत असतां, बदलतां येतात. आमचा विषय तो हा तिसरा. अभियंते यास ट्यूनिंग म्हणतात, आणि हा शब्द आम्हांस फार समर्पक वाटतो. तंबोरा बैठकीपूर्वीं लावतात हें खरें. पण गाणें रंगांत आलें असतां तार किंचित् उतरली, तर गवई ख्याल न थांबवितां हळूच खुंटीला हात घालतोच. श्रोत्यांपैकीं निम्म्यांना तें कळतहि नाहीं. हात मात्र जाणत्याचा हवा. कारण तुटली तर तार भर मैफलींत तुटते.

अशा खुंट्या लिनक्समध्यें शेंकडों आहेत. त्या फिरविण्याच्या सोयीस इंग्रजी 'सिस्टिम कंट्रोल' या दोन शब्दांचा आंखूड केलेला संकर हें नांव आहे. आपण तिला सिसकंट्रोल म्हणूं. ही कल्पना लिनक्सची स्वतःची नव्हे. कॅलिफोर्नियांतील बर्कली येथील युनिक्समध्यें ती 1993 च्या सुमारास आली व लिनक्सनें ती कांहीं वर्षांतच उचलली. लिनक्सनें तिला दिलेलें रूप मात्र मोठें मौजेचें आहे. यंत्रावर 'प्रॉक' नांवाचा एक कप्पा दिसतो, त्यांत 'सिस' नांवाचा पोटकप्पा, आणि त्यांत विषयवार बारीक बारीक दप्तरें. स्मृतीचीं वेगळीं, तारायंत्रणेचीं वेगळीं, दप्तरखान्याचीं वेगळीं. पण हीं दप्तरें चकतीवर कोठेंच नसतात. तो केवळ भास आहे. एखादें उघडून वाचूं लागावें, तर गाभा त्याच क्षणीं आपल्या मनांतला आंकडा सांगतो. त्यांत नवा आंकडा लिहावा, तर गाभा त्याच क्षणापासून तसा वागूं लागतो. वाचणें म्हणजे विचारणें आणि लिहिणें म्हणजे आज्ञा करणें. वेदान्त शिकलेल्या माणसास यांत फार नवल वाटूं नये.

एका आंकड्याचें सामर्थ्य किती असतें तें पाहा. 'आयपी फॉरवर्ड' नांवाची एक खुंटी आहे. साधारणतः ती शून्यावर असते. शून्यावर असतां यंत्र स्वतःच्या पत्त्यावर आलेलें टपाल तेवढें घेतें, दुसऱ्याचें आलें तर टाकून देतें. तेथें 1 लिहिला, कीं तेंच यंत्र दुसऱ्यांचें टपाल पुढें पोंचवूं लागतें. गृहस्थाचा टपालवाला होतो. घराघरांतून भिंतीवर लुकलुकणारी ती वायफायची पेटी हेंच काम करते. न नवें यंत्र, न नवा कार्यक्रम. शून्याच्या जागीं एक.

आतां खुंटी फिरवावीच कां, असा प्रश्न येतो. गाभा घडविणारे लोक शहाणे असतात. त्यांनीं कांहीं आंकडा ठरवूनच दिलेला असतो. आमच्या व्याकरणाच्या भाषेंत बोलावयाचें तर तो उत्सर्ग होय, सर्वसाधारण नियम. पण प्रत्येक उत्सर्गास अपवाद असतात, आणि अपवादाचें क्षेत्र कालानुरूप वाढतहि जातें. याचें उत्तम उदाहरण रांगेचें आहे. संकेतस्थळाशीं जोडले गेलेले पण ज्यांचें काम अजून हातीं घेतलें गेलेलें नाहीं, अशांची एक रांग गाभा ठेवतो. त्या रांगेची कमाल लांबी 'सोमॅक्सकॉन' या खुंटीवर अवलंबून असते. वर्षानुवर्षें ती 128 होती. ज्या काळीं यंत्रें लहान व गिऱ्हाइकें थोडीं, त्या काळचा तो आंकडा. पुढें एकेका संकेतस्थळावर मिनिटांत लाखों माणसें येऊं लागलीं तरी आंकडा तोच राहिला. परीक्षेच्या निकालाच्या दिवशीं रांग भरली, कीं पुढच्यांस दारांतच अडवावयाचें. मग आंत यंत्र अर्धें रिकामें बसलेलें कां असेना. अशा वेळीं खुंटी पिळावी लागे, आणि ती पिळणेंच योग्य होतें. अखेर 2019 सालीं 5.4 या आवृत्तींत उत्सर्गच बदलून तो 4096 करण्यांत आला.

पण येथेंहि एक मेख आहे. सोमॅक्सकॉन वाढविला, तरी आधींपासून दार उघडून बसलेल्या कार्यक्रमास त्याचा लाभ होत नाहीं. दार उघडतांना जी मर्यादा होती तीच त्याला लागू राहते. कार्यक्रमानें दार मिटून पुन्हां उघडलें म्हणजे नवी मर्यादा लागते. म्हणजे खुंटी फिरली, आंकडा बदललेला दिसतो, आणि सूर मात्र जुनाच. रात्रीं दीड वाजतां टक लावून बसण्याचें कारण पुष्कळदां हें असतें.

दुसरी खुंटी माळ्याची. तिचें नांव स्वॅपिनेस. हिच्याविषयीं इतका गैरसमज आहे, कीं तिच्यावर थोडें अधिक लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. स्मृति भरत आली, कीं गाभ्यास जागा मोकळी करण्याचे दोन मार्ग असतात. स्मृतींतल्या कांहीं वस्तु अशा असतात, कीं त्यांची मूळ प्रत चकतीवर आहेच. ती जवळची नक्कल टाकून दिली तरी हरकत नाहीं, लागेल तेव्हां पुन्हां वाचून आणतां येते. कांहीं वस्तु मात्र कार्यक्रमांनीं स्वतः रचलेल्या, ज्यांची दुसरी प्रत कोठेंच नाहीं. त्या टाकून देतां येत नाहींत, चकतीवरच्या माळ्यावर चढवून ठेवाव्या लागतात. पैकीं कोणत्या मार्गाकडे किती कल ठेवावा, हें स्वॅपिनेसचा आंकडा सांगतो. दिलेला आंकडा 60. पुष्कळ लोक, शिकलेले लोकसुद्धां, याचा अर्थ असा करतात कीं स्मृति शेंकडा साठ भरली म्हणजे माळा सुरू होतो. तसें मुळींच नाहीं. ही टक्केवारी नव्हे, पारड्यांतलें वजन आहे. 100 म्हणजे दोन्ही मार्ग सारखेच महाग समजावे. त्याहून कमी म्हणजे माळा अधिक महाग समजावा. 2020 सालीं 5.8 या आवृत्तीपासून हा आंकडा 200 पर्यंत नेण्याची मुभा मिळाली. कारण आतां कांहीं यंत्रांत माळा स्मृतींतच दाबून ठेवलेला असतो, व तेथून वस्तु काढणें चकतीपेक्षां स्वस्त पडतें.

मर्म पुढेंच आहे. शून्य लिहिल्यास काय होतें? 2012 पूर्वीं त्याचा अर्थ होता, माळा शक्य तों टाळावा. त्या वर्षीं 3.5 ही आवृत्ति आली आणि त्याच शून्याचा अर्थ जवळजवळ असा झाला, कीं अगदीं गळ्याशीं आल्याखेरीज माळ्याकडे फिरकूंच नये. आंकडा तोच, खुंटी तीच, जुन्या टिपणांतली सूचना तीच. पण यंत्र निराळें वागूं लागलें. स्मृति पार संपली असतां गाभ्यापाशीं एक कठोर उपाय असतो. तो सर्व कार्यक्रमांस गुण देतो व ज्यानें सर्वांत अधिक जागा अडविली असेल त्यास ठार करून जागा सोडवितो. आणि सर्वांत अधिक जागा बहुधा कोण अडवितो? ज्याच्यासाठीं यंत्र विकत घेतलें तोच, म्हणजे हिशेबाचें व माहितीचें कोठार सांभाळणारा कार्यक्रम. माळ्यावर चार भांडीं चढविलीं असतीं तर निभावलें असतें, तेथें घरचा मिळवता माणूसच बाहेर काढला गेला.

जातां जातां एक खुंटी गृहस्थांच्या उपयोगाची सांगून ठेवतों. लिनक्सच्या यंत्रावर आपण कांहीं लिहिलें म्हणजे तें तत्काळ चकतीवर उतरतेंच असें नाहीं. गाभा तें कांहीं काळ स्मृतींत ठेवतो व सवडीनें उतरवितो. दर पांच सेकंदांनीं तो एक फेरी मारतो, व तीस सेकंदांहून जुनें झालेलें लेखन खालीं उतरवितो. हे दोन्ही आंकडे खुंट्यांवरचे आहेत व बदलतां येतात. म्हणून लग्नाचे फोटो पेन ड्राइव्हवर घेतले, पडद्यावर काम पुरें झालेलें दिसलें, आणि लगेच तो उपटून पाहुण्यांच्या हातीं दिला, तर पुढील तक्रार फोटोग्राफरकडे करूं नये.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे येतों. या धंद्यांत एक वाईट चाल पडली आहे. कोणी तरी, केव्हां तरी, आपल्या यंत्राच्या विशिष्ट अडचणीपुरत्या दहा-वीस खुंट्या पिळल्या व ती यादी लिहून ठेवली. दुसऱ्यानें ती उतरवून घेतली, तिसऱ्यानें दुसऱ्याची, आणि असें करतां करतां ती यादी 'यंत्र वेगवान् करण्याचा उपाय' या नांवानें घरोघर पोंचली. कोणती ओळ कशासाठीं, हें विचारणारा कोणी नाहीं. मीमांसक कर्माचें फल दृष्ट व अदृष्ट असें दोन प्रकारचें मानतात, आणि दृष्ट फल सांपडत असतां अदृष्टाची कल्पना करूं नये असें बजावतात. या यादीकरांनीं सारीच कर्में अदृष्टार्थ करून टाकलीं. परीक्षेंत उदाहरणाचें उत्तर शेजारच्याच्या वहींतून उतरविणाऱ्या मुलास आम्ही एक प्रश्न विचारीत असूं: तुझ्या प्रश्नपत्रिकेंतले आंकडे तरी तेच आहेत काय? तोच प्रश्न येथें विचारला पाहिजे होता.

या याद्यांत एक ओळ हमखास असे. खुंटीचें नांव 'टीसीपी टीडब्ल्यू रीसायकल'. तेथें 1 लिहावा. तिची कथा अशी.

महाजालावर दोन यंत्रें बोलतात तीं तुकड्यातुकड्यांनीं बोलतात, जणूं कांहीं अनेक पत्रें पाठवावीं. एखादें पत्र वाटेंत रेंगाळतें व संभाषण संपल्यावर येऊन पोंचतें. त्याच दोन पत्त्यांत व त्याच क्रमांकांवर तोंवर नवें संभाषण सुरू झालेलें असलें, तर जुनें पत्र नव्या खटल्याच्या कागदांत मिसळावयाचें. म्हणून जो पक्ष संभाषण आधीं मिटवितो तो त्याची नोंद आणखी कांहीं काळ उघडी ठेवतो. लिनक्समध्यें हा काळ साठ सेकंदांचा असून तो संहितेंतच लिहिलेला आहे; त्याला खुंटी नाहीं. गजबजलेल्या संकेतस्थळाच्या यंत्रावर अशा मिटलेल्या पण न पुसलेल्या नोंदी हजारोंनीं दिसतात. त्या फारशी जागा अडवीत नाहींत, फारसें कांहीं बिघडवीत नाहींत. पण यादी पाहणाराच्या डोळ्यांस मात्र त्या खुपतात, जशीं दारांत पडलेलीं पाहुण्यांचीं पायताणें खुपावीं. त्या लवकर पुसून टाकण्याची ती खुंटी.

लवकर पुसावयाच्या तर जुनें पत्र ओळखावयाचें कसें? त्यासाठीं गाभा एक युक्ति करी. प्रत्येक पत्रावर पाठविणाऱ्या यंत्राचा एक काळांक असतो, सतत वाढत जाणारा. गाभा प्रत्येक पत्त्यामागें शेवटचा काळांक लक्षांत ठेवी, आणि त्याच पत्त्यावरून पुढील मिनिटभरांत त्याहून मागचा काळांक असलेलें पत्र आलें, तर तें जुनें समजून मुकाट्यानें टाकून देई. एका पत्त्यावर एकच यंत्र असतें तर युक्ति निर्दोष होती.

आतां एकत्र कुटुंबाचें घर घ्या. वायफायची पेटी एक, म्हणून बाहेरच्या जगास पत्ता एकच दिसतो. आंत फोन पांच. त्या काळीं लिनक्सवर चालणाऱ्या फोनांतून काळांक साधारणपणें फोन सुरू झाल्यापासून मोजला जाई. समजा, सासऱ्यांचा फोन दहा दिवस अखंड चालू आहे. त्याचा काळांक मोठा. सूनबाईंचा फोन दुपारीं अडला म्हणून त्यांनीं बंद करून पुन्हां सुरू केला. त्याचा काळांक लहान. सासऱ्यांनीं एक संकेतस्थळ पाहून मिटलें, आणि लगोलग सूनबाई तेंच उघडूं गेल्या. पलीकडच्या यंत्रास वाटलें, याच पत्त्यावरून जुनें पत्र आलें, दिलें टाकून. होकार नाहीं, नकारहि नाहीं. पडद्यावर नुसतें चक्र फिरत राहतें.

मग घरांत चर्चा सुरू होते. इतरांचें उघडतें, हिचेंच उघडत नाहीं, तेव्हां दोष हिच्या फोनांत. कोणी म्हणतो, स्वस्तांतला घेतला त्याचें हें फळ. कोणी म्हणतें, हिच्या हातालाच कांहीं तरी आहे. आणि सर्वजण एकमुखानें तोच उपाय सांगतात: बंद करून पुन्हां चालू कर. तसें करतांच काळांक पुन्हां आरंभावर येतो, म्हणजे दोष दुरुस्त होण्याऐवजीं पक्का होतो! रात्रीं सारे निजल्यावर, घरांतून त्या संकेतस्थळाशीं मिनिटभर कोणीच बोललेलें नसतां, तेंच पान एका झटक्यांत उघडतें. दुसऱ्या दिवशीं तिनें तें सांगितलें तर कोणाचा विश्वास बसावा? आणि तें पान महाविद्यालयाच्या प्रवेशाचें असलें व मुदतीचा दिवस टळून गेला असला, तर गोष्ट थट्टेवारी नेण्याजोगी राहत नाहीं. मोबाइल कंपन्या तर हजारों गिऱ्हाइकांस एकाच पत्त्यामागें बसवितात. तेथें काय होत असेल याची कल्पना वाचकांनींच करावी.

पलीकडे खुंटी पिळणाऱ्यास काय दिसे? नोंदींची संख्या हजारांवरून शेंकड्यांवर आली, काम फत्ते. ज्यांस दारांतूनच मुकाट परत लावलें त्यांचें नांव संकेतस्थळाच्या कोणत्याच वहींत चढत नसे, कारण संभाषण सुरूच झालें नव्हतें. गाभा आपल्या पोटांत अशा नाकारलेल्यांची मोजदाद ठेवी, नाहीं असें नाहीं. पण तो आंकडा काढून पाहावा, असें सुचण्यासाठीं आधीं शंका यावी लागते. आणि तक्रार करावयाची ती माणसें तर दाराबाहेर.

गाभा घडविणाऱ्यांस यांत फारसा दोष देतां येत नाहीं. दिलेला आंकडा शून्यच होता, आणि जाणत्यांच्या सल्ल्यावांचून येथें हात लावूं नये अशी सूचनाहि त्यांनीं स्वतःच्या दस्तऐवजांत लिहून ठेवली होती. अर्थात् ज्या धंद्यांत प्रत्येकजण स्वतःस जाणता समजतो, तेथें असल्या सूचनेचा उपयोग बेताचाच. 2017 च्या फेब्रुवारींत 4.10 ही आवृत्ति आली, आणि तींत सुरक्षिततेसाठीं प्रत्येक संभाषणाचा काळांक निराळ्या, मनास येईल त्या आंकड्यापासून सुरू होऊं लागला. त्यामुळें एका यंत्राच्या दोन संभाषणांची तुलना करणेंहि निरर्थक झालें, व ती खुंटी उपद्रवकारक होती ती निरुपयोगीहि ठरली. त्याच वर्षीं जुलैंत आलेल्या 4.12 मधून ती मुळासकट उपटली गेली. जुन्या याद्यांतली ती ओळ मात्र गेली नाहीं. मयत माणसाचें नांव शिधापत्रिकेवर राहून जावें तशी ती पुष्कळ यंत्रांवर राहिली. यंत्र सुरू होतांना "अशी खुंटी येथें नाहीं" असें एक वाक्य पडद्यावर येतें आणि पुढें सरकतें.

यादी लिहावयाची ती कशी, हें आतां सांगितलें पाहिजे. चालत्या यंत्रावर पिळलेली खुंटी यंत्र बंद होईपर्यंतच टिकते. पुन्हां सुरू झालें कीं मूळ आंकडा परत. ही उणीव नव्हे, मोठी सोय आहे. कारण प्रयोग फसला तर त्याची खूण उरत नाहीं. पण तिची दुसरी बाजूहि आहे. रात्रीं खुंटी पिळली, काम चाललें, सकाळीं लिहून ठेवावयाचें राहिलें. आठ महिन्यांनीं यंत्र कांहीं कारणानें बंद होऊन सुरू झालें, आणि जुनी व्याधि उलटली. पिळणारा तोंवर दुसऱ्या कचेरींत गेलेला असतो. म्हणून ज्या खुंट्या कायम ठेवावयाच्या त्या एका ठराविक कप्प्यांतील दप्तरांत लिहितात, व यंत्र प्रत्येक वेळीं सुरू होतांना तीं दप्तरें नांवाच्या क्रमानें वाचतें. दोन दप्तरांत एकाच खुंटीविषयीं दोन आंकडे असले, तर मागाहून वाचलेला प्रमाण. पाणिनीनें तुल्यबल सूत्रांच्या विरोधांत परसूत्र प्रमाण मानिलें आहे, त्याची वाचकांस आठवण होईल. त्या 'पर' शब्दाचा निराळाच अर्थ ऋषी राजपोपट यांनीं 2022 सालीं केंब्रिज येथील आपल्या प्रबंधांत मांडला व त्यावर पंडितांत मोठें वादळ उठलें. पण तो वाद येथें नको. सांगावयाचें एवढेंच, कीं क्रम ठाऊक नसला तर माणूस पहिल्या दप्तरांत आंकडा बदलतो, शेवटचें दप्तर तो पुन्हां फिरवितें, आणि यंत्र आज्ञा मानीत नाहीं अशी ओरड होते.

या दप्तरांत टीप लिहिण्याचीहि सोय आहे. ओळीच्या आरंभीं एक विशिष्ट चिन्ह घातलें, कीं ती ओळ यंत्र वाचीत नाहीं. तेथें तीन गोष्टी असाव्या असें आमचें मत आहे: पूर्वींचा आंकडा, पालटण्याचें कारण, आणि तारीख. चौथी गोष्ट, गाभ्याची आवृत्ति, लिहिली तर अधिकच उत्तम. स्वॅपिनेसच्या शून्याची हकीकत वर आलीच आहे. आणि एका वेळीं एकच खुंटी. पांच एकदम पिळल्या व सूर लागला, तर कोणत्या तारेनें लागला हें कळण्यास मार्ग राहत नाहीं.

ज्या वाचकांच्या घरीं लिनक्सचें यंत्र आहे त्यांनीं हे आंकडे स्वतः वाचून पाहावे. बहुतेक सारे वाचावयास कोणाची आडकाठी नाहीं, लिहावयास मात्र मुख्याधिकाऱ्याचा सांकेतिक शब्द लागतो. बदलून पाहण्याची हौस असेल तर स्वॅपिनेसपासून आरंभ करावा; जुना आंकडा कागदावर टिपून घ्यावा, आणि बिघडलेंसें वाटल्यास यंत्र बंद करून सुरू करावें. गाभ्यांत नवे भाग बसविण्यास कायमची बंदी करणारी एक खुंटी आहे, तिला मात्र कुतूहलानें शिवूं नये. तेथें एकदां 1 लिहिला, कीं पुन्हां शून्य लिहितां येत नाहीं. मुख्याधिकाऱ्यानें लिहिला तरी गाभा तो घेत नाहीं. चोरानें आंत शिरून कुलूप काढूं नये म्हणून तें मुद्दामच तसें केलेलें आहे, आणि मग नवा प्रिंटर लावावयाचा असला तरी यंत्र पुन्हां सुरू करीपर्यंत थांबावें लागतें.